रस्ते, रेल्वे आणि वन्यजीव: अहवालातल्या शब्दांचा नेमका अर्थ काय

तुम्ही विचारलंय की रस्त्याच्या प्रकल्पावर नवीन आलोय, पर्यावरण परिणाम अहवाल पहिल्यांदाच हातात पडलाय, त्यात अधिवास विखंडन, बॅरियर इफेक्ट, पारगम्यता, कनेक्टिव्हिटी, शमन असे शब्द पानोपानी आहेत, हे सगळे फिरून फिरून एकच सांगतात की वेगवेगळं? आणि शेवटी "या पट्ट्यात रोडकिल नगण्य असल्याने वन्यजीवांवरील परिणाम कमी" असं वाक्य आहे, ते धरून डिझाइन पुढे न्यायचं का?

आधी त्या वाक्याचंच बोलतो. ते धरून पुढे जाऊ नका. या कामात इतकी वर्षं काढल्यावर मला सगळ्यात जास्त भीती याच वाक्याची वाटते, कारण ते वाचायला सरळ वाटतं आणि कोणी अडवत नाही. रोडकिल म्हणजे गाड्यांखाली येऊन मेलेली जनावरं, आणि ती रस्त्यावर कमी सापडतात याची कारणं बरीच असू शकतात. एक, रस्ता खरंच सुरक्षित आहे. दोन, जी मरायची होती ती मागच्या काही वर्षांत मरून गेली, आता आजूबाजूला उरलंच नाही काही. तीन, जनावरं आहेत, पण रस्त्याजवळ यायचंच त्यांनी सोडलंय. तिन्हीमध्ये तक्त्यात आकडा तोच येतो, शून्याच्या आसपास, आणि तिन्हींचा अर्थ एकमेकांपासून कोसभर लांब.

शिवाय मोजलं कसं ते विचारा. चालत्या गाडीतून बघितलं असेल तर बेडूक, सरडे, छोटे साप, लहान पक्षी जवळजवळ सगळे सुटतात. रात्री चिरडलेला बेडूक सकाळी दहाला रस्त्यावर राहतच नाही, कावळे उचलतात, कोल्हे-कुत्री नेतात, नाहीतर टायरखाली येऊन येऊन डांबरावर नुसता डाग उरतो. मी स्वतः पहाटे पायी सर्व्हे केलाय आणि त्याच पट्ट्यात त्याच दिवशी उशिरा गाडीतूनही केलाय, दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या तर एकाच रस्त्याच्या वाटत नाहीत. आणि धडक बसून झुडपात जाऊन मरणारी जनावरं कुठल्याच यादीत येत नाहीत.

अजून एक कारण सांगतो जे मला फार विलक्षण वाटतं. अमेरिकेत नेब्रास्कात पुलांखाली आणि मोऱ्यांमध्ये मातीची घरटी करणाऱ्या क्लिफ स्वॉलो नावाच्या भिंगऱ्या आहेत, त्यांच्यावर ३० वर्षं काम झालं आणि २०१३ मध्ये ते छापून आलं. रस्त्यावर मरणाऱ्या पक्ष्यांची संख्या वर्षागणिक कमी होत गेली, पक्ष्यांची एकूण संख्या मात्र कमी झाली नव्हती. मेलेल्यांचे पंख मोजले तर ते बाकीच्यांपेक्षा लांब निघाले. म्हणजे लांब पंखवाले, ज्यांना झटकन वर उडता येत नाही, ते गाडीखाली जात राहिले आणि आखूड पंखवाले मागे उरले, असा त्याचा अर्थ लावला गेला. आकडा कमी झाला पण रस्ता बदलला नाही, पक्षी बदलले.

आता शब्दांकडे येऊ. हे शब्द एकच गोष्ट सांगत नाहीत, आणि फरक कळायला एक हिशोब करून बघा, कागदावर पाच मिनिटांचा आहे. १० किमी बाय १० किमीचं सलग जंगल धरा, १०० चौरस किमी. त्याच्या मधोमध आरपार रस्ता काढला, १० किमी लांब, संपादनाची रुंदी ३० मीटर.

प्रत्यक्ष गेलेली जमीन किती? ०.३ चौरस किमी, म्हणजे ०.३ टक्के. याला म्हणायचं अधिवास नष्ट होणं, हॅबिटॅट लॉस. बहुतेक अहवालांत झाडांची मोजणी, भरपाईची लागवड हे सगळं या ०.३ टक्क्याभोवती फिरतं.

मग प्रभावपट्टा, रोड इफेक्ट झोन. हार्वर्डचे लँडस्केप इकॉलॉजिस्ट रिचर्ड फोरमन यांनी १९९० च्या दशकात ही कल्पना पुढे आणली, की आवाज, उजेड, धूळ, गढूळ पाणी, तण हे सगळं रस्त्याच्या कडेला थांबत नाही, आत जातं. आपल्या उदाहरणात दोन्ही बाजूंना ५०० मीटर धरला तर झाले १० चौरस किमी, १० टक्के. फोरमन यांनी अमेरिकेसाठी असाच हिशोब मांडला होता तेव्हा देशाच्या साधारण एक पंचमांश जमिनीवर रस्त्यांचा पर्यावरणीय परिणाम पोचतो असं निघालं होतं, डांबराखालची जमीन तर त्याच्या मानाने अगदी थोडी. फक्त एक लक्षात ठेवा, हा पट्टा नकाशावर समांतर रेघांसारखा काढतात तसा नसतो, उताराच्या बाजूला पाण्याबरोबर लांब जातो, मोकळ्या माळावर आवाज दूरवर जातो आणि दाट झाडीत लवकर अडतो, त्यामुळे सगळीकडे सारखी रुंदी दिसली की समजायचं कोणी ऑफिसात बसून बफर, म्हणजे ठरावीक रुंदीचा पट्टा, मारलाय.

आणि तिसरं विखंडन, फ्रॅगमेंटेशन, अधिवासाचे तुकडे होणं. मोजायचं एक माप आहे, इफेक्टिव्ह मेश साइझ, म्हणजे जाळीचा परिणामकारक आकार, योखेन येगर या संशोधकांनी २०००च्या सुमारास मांडलं. कल्पना सोपी आहे, जंगलात कुठेही दोन प्राणी सोडले तर रस्ता न ओलांडता ते एकमेकांना भेटण्याची शक्यता किती, फक्त ती क्षेत्रफळात मांडायची. रस्ता मधोमध असेल तर ५० आणि ५० चे दोन तुकडे, प्रत्येकाचा वर्ग करून बेरीज करा आणि एकूण क्षेत्राने भागा, उत्तर येतं ५० चौरस किमी. म्हणजे जमीन गेली ०.३ टक्के आणि जाळीचा आकार निम्मा झाला. आता तोच रस्ता मधून न नेता एका बाजूला सरकवा, ९० आणि १० चे तुकडे होऊ द्या, उत्तर येतं ८२. रस्ता तेवढाच लांब, जमीन तेवढीच गेली, झाडंही जवळपास तेवढीच, पण ५० आणि ८२. म्हणून म्हणतो हे शब्द सरमिसळ करू नका, लॉसच्या रकान्यात दोन्ही पर्याय सारखे दिसतील आणि तिथेच निर्णय चुकेल. २०१६ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या जागतिक नकाशात रस्त्यांनी जमिनीचे ६ लाखांहून जास्त तुकडे केलेत असं दिसलं, त्यातले निम्म्याहून जास्त १ चौरस किमीपेक्षाही लहान, आणि १०० चौरस किमीपेक्षा मोठे जेमतेम ७ टक्के. आपलं उदाहरणातलं जंगल आधीच दुर्मिळातलं झालं.

आवाजाबद्दल लोक मला नेहमी विचारतात की नुसत्या आवाजाने खरंच फरक पडतो का, की गाड्या, धूर, उजेड सगळं मिळून. हे वेगळं काढणं अवघड होतं, कारण रस्ता आला की सगळंच येतं. २०१२ मध्ये अमेरिकेत आयडाहोमधल्या एका डोंगरधारेवर, जिथे रस्ता नाहीच, तिथे झाडांवर स्पीकर लावून साधारण अर्धा किमी लांबीचा नुसता आवाजाचा रस्ता केला, चार दिवस वाहतुकीचा आवाज चालू, चार दिवस बंद, ऐन पक्ष्यांच्या स्थलांतराच्या मोसमात. आवाज चालू असताना पक्षी पाव भागाहून जास्त कमी झाले. आणि पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो, जे तिथे थांबले त्यांच्यातल्या काही जातींचं वजन नीट वाढेना, कारण शिकारी येतोय का हे कानाने कळत नाही, मग सारखी मान वर करून बघायचं, आणि तेवढं खाणं कमी होतं. अहवालात 'डिस्टर्बन्स' किंवा 'व्यत्यय' असा एक शब्द येतो ना, त्याच्या आत हे सगळं आहे. पक्षी दिसला म्हणजे ठीक आहे असं नाही.

कडेचा परिणाम म्हणजे एज इफेक्ट हा विखंडनाचाच भाऊ, जंगल कापलं की नवी कड तयार होते, तिथे ऊन-वारा आत शिरतो, जमीन सुकते, तणं येतात, कडेला राहणाऱ्या जातींचं फावतं आणि आत गाभ्यात राहणाऱ्यांची जागा आक्रसते. गाभा क्षेत्र हा शब्द त्यासाठीच.

याच्या उलट दिसणारा एक शब्द आहे, इकॉलॉजिकल ट्रॅप, आपण सापळा म्हणू. रस्ता नेहमी जनावरांना लांबच ढकलतो असं नाही, बोलावतोही. साइडपट्टीच्या पलीकडे कोवळं गवत उगवतं, संध्याकाळी डांबर गरम असतं म्हणून साप येऊन पडतात, बर्फाच्या प्रदेशात रस्त्यावर टाकलेलं मीठ चाटायला मूस नावाची मोठी हरणं येतात, कॅनडात बॅन्फ राष्ट्रीय उद्यानातल्या रेल्वेलाइनवर मालगाड्यांमधून सांडलेलं धान्य खायला अस्वलं रुळांवर येतात. जनावराच्या दृष्टीने जागा उत्तम आणि प्रत्यक्षात जीवघेणी, हा सापळा. कडेला फळझाडं लावून हिरवळ वाढवली असं कौतुकाने लिहिलेलं असतं तिथे मी पहिली खूण करतो.

आता बॅरियर इफेक्ट, अडथळ्याचा परिणाम, इथे जरा थांबू कारण तुमचं ते वाक्य इथेच सुटतं. प्रत्येक प्राणी रस्त्याला सारखा वागत नाही, साधारण चार तऱ्हा मानतात. काही जणांना वाहतूक कळतच नाही, ते सरळ चालत येतात, बरेच बेडूक यातले. काही गाडी आली की जागच्या जागी थांबतात, कासव पाय आत घेतं, साळिंदर काटे फुलवतं, निसर्गात शिकाऱ्यापुढे हे चालतं, टायरपुढे नाही. काही वेगावर भरवसा ठेवून पळत सुटतात, हरणं त्यातली. आणि काही गर्दी बघून लांबच राहतात, ग्रिझली अस्वलासारखे. पहिल्या दोघांसाठी वाहतूक वाढली की मृत्यू वाढतच जातात. पळणाऱ्यांचं वेगळं, कमी वाहतुकीत ओलांडता येतं, मध्यम वाहतुकीत सगळ्यात जास्त मरतात कारण फट मिळेल असं वाटतं आणि मिळत नाही, आणि वाहतूक अजून वाढली की प्रयत्नच सोडतात. म्हणजे मृत्यूचा आलेख वर जाऊन खाली येतो, आणि खाली येतो तेव्हा रस्ता भिंत झालेला असतो. टाळणाऱ्यांमध्ये तर मृत्यू सुरुवातीपासूनच कमी. आता ते "रोडकिल नगण्य" परत वाचा.

भिंत झाली की पुढे काय होतं ते लगेच दिसत नाही, पिढ्या जाव्या लागतात. लॉस एंजलिसजवळ १०१ फ्रीवेच्या दक्षिणेला सांता मोनिका डोंगरात अडकलेले प्यूमा, म्हणजे तिथली मोठी रानटी मांजरं, याचं सगळ्यात जास्त अभ्यासलेलं उदाहरण. बाहेरून नर क्वचितच येतात, नात्यातल्या नात्यात प्रजनन होतं, शेपटीला गाठ असलेली, वृषण खाली न उतरलेली जनावरं दिसायला लागली. जनुकीय देवाणघेवाण थांबणं, जीन फ्लो, म्हणजे हे. तिथे आता लिबर्टी कॅन्यनला फ्रीवेवरून वन्यजीव पूल बांधायला घेतलाय, काम २०२२ मध्ये सुरू झालं. मोठ्या जनावरांचंच असं असतं असंही नाही, युरोपात बँक व्होल नावाच्या उंदरासारख्या प्राण्यातसुद्धा मोठ्या हायवेच्या दोन बाजूंच्या गटांत जनुकीय फरक सापडलाय.

रेल्वेचं थोडक्यात सांगतो, रुळांवरून गाड्या अधूनमधून जातात म्हणून अडथळा कमी असं धरू नका. मंगोलियात ट्रान्स मंगोलियन रेल्वेच्या दोन्ही बाजूंच्या कुंपणाने मंगोलियन गॅझेलचं स्थलांतर अडलंय, म्हणजे अडवणारी गाडी नव्हे तर तार आहे. हत्तींच्या बाबतीत खोल कटिंग, म्हणजे डोंगर कापून काढलेला मार्ग, आणि वळण हे घातक, गाडी आली की बाजूला चढायला जागा नसते, कळप रुळांवरूनच पळतो. काँक्रीटच्या उभ्या भिंतीचा कालवा असेल तर जनावर आत पडतं आणि बाहेर येता येत नाही. म्हणून या सगळ्यांना मिळून रेखीय पायाभूत सुविधा असा एक शब्द वापरतात, आणि ते एकमेकांशेजारून जात असतील तर परिणाम एकत्र मोजावा लागतो.

पारगम्यता आणि कनेक्टिव्हिटी यात गल्लत फार होते. पारगम्यता हा रस्त्याचा गुण, या रस्त्यातून आरपार किती जाता येतं. कनेक्टिव्हिटी हा सगळ्या भूभागाचा गुण, आणि तोही एका विशिष्ट प्राण्यासाठी. अंडरपास उत्तम बांधला पण पलीकडच्या तोंडाशी नंतर गोदाम आलं तर पारगम्यता आहे आणि कनेक्टिव्हिटी शून्य. कॉरिडॉर, म्हणजे भ्रमणमार्ग, हा शब्दही असाच, नकाशावर हिरवी पट्टी दिसते म्हणून तो भ्रमणमार्ग होत नाही, जनावर तिथून जातं का ते बघावं लागतं.

आता तुमच्या कामाचं, मार्गिका म्हणजे क्रॉसिंग स्ट्रक्चर, जनावरांना रस्ता ओलांडायला बांधलेली रचना. बॅन्फमध्ये ट्रान्स कॅनडा हायवेवर ६ ओव्हरपास आणि ३८ अंडरपास आहेत, सोबत सलग कुंपण, आणि मोठ्या जनावरांच्या धडका ८० टक्क्यांहून जास्त कमी झाल्या. तिथेच हेही कळलं की ग्रिझली, एल्क हरणं, लांडगे यांना मोकळ्या प्रशस्त रचना लागतात, प्यूमा आणि काळं अस्वल अरुंद अंडरपासमधूनही जातात, आणि काही जनावरांना रचना सवयीची व्हायला वर्षं लागतात. म्हणून लक्ष्य प्रजाती आधी ठरवा, मग आकार. नेदरलँड्समध्ये २००६ मध्ये उघडलेला झांडेराई क्रायलो हा नैसर्गिक पूल तर ८०० मीटर लांब आहे, रस्ता, रेल्वे, बाकी सगळं एका दमात ओलांडतो. पेंचमधून जाणाऱ्या एनएच ४४ वर ९ रचना आहेत, ५० मीटरपासून ७५० मीटरपर्यंत, त्यांच्याखालून वाघ जाताना कॅमेरा ट्रॅपमध्ये, म्हणजे आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यांत, आलेत.

इथे एक गोष्ट जवळून बघा कारण याच्यावरून ड्रॉइंगमध्ये चुका होतात. तुम्ही इंजिनियर पुलाची लांबी म्हणता ती रस्त्याच्या दिशेने. ७५० मीटर लांब पूल म्हणजे जनावरासाठी ७५० मीटर रुंद दार. जनावराची लांबी म्हणजे या तोंडापासून त्या तोंडापर्यंतचा अंधार. मोकळेपणाचं गुणोत्तर काढतात, ओपननेस, रुंदी गुणिले उंची भागिले लांबी, सगळं जनावराच्या बाजूने. ३ बाय ३ मीटरची बॉक्स मोरी चौपदरी रस्त्याखाली ६० मीटर लांब असेल तर येतं ०.१५. ३० मीटर रुंद, ५ मीटर उंच, तेवढीच लांब रचना असेल तर २.५. तुमच्या अहवालात "अस्तित्वातील मोऱ्या प्राण्यांसाठी वापरता येतील" असं असेल तर एकदा त्यातल्या एका मोरीत रात्री जाऊन उभे राहा. पलीकडचं तोंड नाण्याएवढं दिसतं, तळाला गाळ आणि साचलेलं पाणी, खालच्या बाजूला पाण्याने माती वाहून जाऊन हातभर पायरी पडलेली जी मासा किंवा कासव चढू शकत नाही, आणि वर जड ट्रक गेला की छातीत धक्का बसतो. मुंगूस, रानमांजर जाईल कदाचित, आत कडेने कोरडा कट्टा दिला तर नक्की जास्त जातील, हे स्वस्तातलं आणि फार उपयोगी काम आहे. पण कळपाने राहणारं हरण तिथे शिरणार नाही.

कुंपणाबद्दल एवढंच की एकटं कुंपण रोडकिल कमी करतं आणि अडथळा पूर्ण करतं, दोन्ही एकदम, त्यामुळे मार्गिकेशिवाय कुंपण हे शमन म्हणून मी मान्य करत नाही. तुटक छोटं कुंपणही नको, ५ किमीपेक्षा कमी लांबीच्या कुंपणांचा परिणाम बराच कमी आणि बेभरवशाचा असतो असं वेगवेगळ्या ठिकाणच्या आकड्यांवरून दिसलंय, कारण जनावर कुंपणाच्या कडेने चालत टोकाला येतं आणि तिथे ओलांडतं. मी बघितलेल्या पट्ट्यांत मेलेली जनावरं टोकांपाशीच जास्त सापडलीत. आणि चुकून आत आलेल्याला बाहेर उडी मारता येईल असा मातीचा उतार ठेवा.

शमन म्हणजे मिटिगेशन, पण त्याला उतरंड आहे: आधी टाळा, मग कमी करा, मग पूर्ववत करा, उरलेलं भरून द्या. मगाचचा ५० आणि ८२ चा फरक पहिल्या पायरीचा आहे, तो आरेखन, म्हणजे रस्ता नेमका कुठून जाणार, ते ठरण्याआधीच मिळतो, नंतर कितीही अंडरपास टाकले तरी तसा मिळत नाही. लांब कुठेतरी झाडं लावणं ही शेवटची पायरी आहे, अहवालात ती पहिल्या पानावर असली तरी.

अजून दोन शब्द बघून ठेवा, प्रेरित विकास, म्हणजे रस्त्यामुळे मागून जे येतं ते, आणि संचित परिणाम, म्हणजे सगळ्या रस्त्यांचा मिळून होणारा. अॅमेझॉनमध्ये ९५ टक्के जंगलतोड रस्त्यांपासून साडेपाच किमीच्या किंवा मोठ्या नद्यांपासून १ किमीच्या आत झाल्याचं २०१४ मध्ये दाखवलं गेलं, रस्त्याने स्वतः ती झाडं तोडली नव्हती, रस्त्यामागून फाटे आले, फाट्यांमागून तोड आली. म्हणून तुमच्या रस्त्याचे किलोमीटर एकटे मोजू नका, परिसरातली एकूण रस्त्यांची घनता मोजा. विस्कॉन्सिनमध्ये लांडग्यांचे कळप दर चौरस किमीला साधारण ०.६ किमीपेक्षा जास्त रस्ते असलेल्या भागात टिकत नव्हते असं १९८०च्या दशकात दिसलं होतं, तेव्हा तिथला प्रत्येक नवीन रस्ता एकटा बघितला असता तर किरकोळच वाटला असता.

आणि नंतरच्या देखरेखीत "अंडरपास ४० वेळा वापरला गेला" असं आलं तर विचारा ४० जनावरं की एकच जनावर ४० वेळा, माद्या गेल्या का, पिल्लं गेली का, आणि बांधायच्या आधीचा आकडा कुठे आहे. आधी-नंतर आणि रस्ता असलेली-नसलेली जागा असं चारही बाजूंनी मोजलं नसेल तर उपाय चालला की नाही सांगता येत नाही, आणि आधीचं मोजायची वेळ आत्ता आहे, बुलडोझर लागल्यावर नाही.

तर सल्लागारांकडे तो अहवाल परत पाठवताना ते वाक्य काढायला सांगा आणि त्याजागी तीन गोष्टी मागा: रस्त्यापासूनच्या अंतरानुसार कॅमेरा ट्रॅप आणि पाऊलखुणांच्या नोंदी, म्हणजे जनावरं रस्त्याजवळ येतायत की टाळतायत ते कळेल, पहाटे पायी केलेला रोडकिल सर्व्हे दोन वेगवेगळ्या ऋतूंमधला, आणि प्रत्येक आरेखन पर्यायाचा इफेक्टिव्ह मेश साइझ. यायला वेळ लागेल, पण आरेखन अजून पेन्सिलीत आहे असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतंय, म्हणून आत्ताच मागून घ्या.